अट तुमची, पळवाटही तुमचीच: अमेरिकी काँग्रेसला खुले पत्र

प्रति,
माननीय सदस्य, सिनेट आणि प्रतिनिधीगृह,
वॉशिंग्टन

विषय: इजिप्तच्या लष्करी मदतीवरच्या मानवी हक्कांच्या अटी आणि त्या अटींत तुम्हीच ठेवलेल्या पळवाटा

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत रीतसर तुमच्या कार्यालयांकडे गेली आहे. ही मराठी प्रत माझ्या माणसांसाठी आहे. एडिसन, पिस्कॅटवे, जर्सी सिटीत राहणारी, गणपतीच्या मंडपात भेटणारी, नोव्हेंबरात न चुकता मतदानाला जाणारी, आणि परदेशी मदतीचा विषय निघाला की ‘तो आपला प्रांत नाही’ म्हणत चहा टाकायला उठणारी ही माणसं. शिवाय मला भांडायला मराठीच बरी पडते. तुमच्यातले मिशिगनचे श्री ठाणेदार बेळगावात वाढलेले आहेत, त्यांना तरी भाषांतराची गरज पडू नये.

मी न्यू जर्सीची मतदार. एका छोट्या कंपनीचे हिशेब सांभाळता सांभाळता निवृत्त झाले. २०१८ च्या नोव्हेंबरात मी सिनेटसाठी बॉब मेनेंडेझ यांना मत दिलं होतं. पुढे ते सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष झाले. या अध्यक्षांकडे एक चमत्कारिक अधिकार असतो. एखादी शस्त्रविक्री किंवा लष्करी मदत पटली नाही तर ते ती अडवून ठेवू शकतात. हे कायद्यात लिहिलेलं नाही, नुसता रिवाज आहे. जून २०२२ मध्ये त्यांच्या घराची झडती झाली. पाकिटांत, कपड्यांच्या खिशांत, कपाटांत कोंबलेली ४ लाख ८० हजार डॉलरहून जास्त रोकड निघाली आणि सोन्याच्या लगडी निघाल्या. जुलै २०२४ मध्ये ज्युरीने त्यांना सोळाच्या सोळा आरोपांत दोषी ठरवलं. इजिप्त सरकारचे हस्तक म्हणून काम केल्याचा आरोप त्यातच होता. सिनेटमधल्या काही सहकाऱ्यांनी इजिप्तची ३० कोटी डॉलरची मदत अडवली होती. त्यांचं मन वळवायला इजिप्तच्या वतीने जे पत्र गेलं, ते आमच्या सिनेटरांनीच गुपचूप लिहून दिलं, असं सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडलं. ११ वर्षांची शिक्षा झाली. ते मात्र स्वतःला निर्दोषच म्हणवतात.

कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपल्याकडे म्हणतात, आणि तेव्हा मीही तेच म्हटलं. पण नंतर मी बसून कागद वाचले, सवयच ती, आणि मला वेगळीच गोष्ट खुपायला लागली. त्यांनी काहीही केलं नसतं तरी ते पैसे बहुतेक गेलेच असते. सोनं देऊन इजिप्तला जे मिळवायचं होतं ते तुमच्या कायद्यातली सूट दरवर्षी फुकट मिळवून देते. हे पत्र त्यासाठी आहे.

इजिप्तला दरवर्षी १३० कोटी डॉलरची लष्करी मदत जाते. १९७९ च्या शांतता करारापासून ही वहिवाट पडली आहे. गेल्या काही वर्षांत त्यातल्या ३२ कोटी डॉलरवर तुम्ही अटी घातल्या: राजकीय कैदी सोडा, अमेरिकन नागरिकांना छळू नका, कायद्याचं राज्य दाखवा. बाकीच्या पैशाला कसलीच अट नाही, म्हणजे रुपयातले बारा आणे तर डोळे मिटूनच जातात. उरलेल्या चार आण्यांची गोष्ट मला सांगायची आहे, कारण खरी गंमत तिथे आहे.

माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात होते. गावाला शाळाखोलीसाठी अनुदान मंजूर झालं की पहिला हप्ता जायचा. दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय निघायचा नाही. खोली किती बांधली, विटा किती, पत्रे कुठले, पाहणी कोणी केली, सही कोणाची. एखादे सरपंच सकाळपासून आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, आई त्यांना चहा द्यायची, आणि अण्णा म्हणायचे, ‘आधी दाखला, मग हप्ता.’ कधी कधी वरून फोन यायचा. मग खोलीला छप्पर नसतानाही दाखला पुढे सरकायचा. त्या रात्री अण्णा नीट जेवायचे नाहीत. मी हे लपवत नाही, कारण मला पुढे जे म्हणायचंय ते त्या फोनबद्दलच आहे.

तुमच्या ३२ कोटींचे दोन भाग आहेत. मोठ्या भागावर तुम्ही परराष्ट्रमंत्र्यांना सूट दिली आहे: ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताखातर’ असं लिहिलं की अट गळून पडते. लहान भागावर अशी सूट नाही. तिथे कैद्यांच्या सुटकेत स्पष्ट प्रगती झाल्याचा दाखलाच द्यावा लागतो. आता सप्टेंबर २०२३ पाहा. सूट होती ते साडेतेवीस कोटी गेले. सूट नव्हती ते साडेआठ कोटी अडले. जिथे तुम्ही दाराला कडी लावली होती तेवढंच दार बंद राहिलं. बरोबर एक वर्षाने, सप्टेंबर २०२४ मध्ये, साडेबावीस कोटी सूट वापरून सुटले आणि बिनसुटीचे साडेनऊ कोटी ‘प्रगती आहे’ अशा दाखल्यावर सुटले. एकही डॉलर अडला नाही. त्या वर्षभरात गाझाचं युद्ध सुरू झालं होतं आणि मध्यस्थीसाठी कैरो हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मग तसं सांगा ना. कैद्यांच्या नावाचा दाखला कशाला?

दाखल्याचा हा रोग जुना आहे. १९८१ मध्ये तुमच्याच सभागृहांनी कायदा केला की एल साल्वादोरला लष्करी मदत हवी असेल तर तिथलं सरकार मानवी हक्क सुधारतंय असं राष्ट्राध्यक्षांनी दर सहा महिन्यांनी लिहून द्यावं. त्याच डिसेंबरात अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या आत्लाकात्ल बटालियनने एल मोसोते गावात शेकडो माणसं मारली. २७ जानेवारी १९८२ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ दोघांच्या पहिल्या पानावर ती बातमी होती. २८ जानेवारीला रेगन सरकारने दाखला दिला: सुधारणा होत आहे. दहा वर्षांनी तिथे उत्खनन झालं, तेव्हा चर्चजवळच्या एकाच इमारतीतून शंभराहून जास्त सांगाडे निघाले, जवळजवळ सगळे लहान मुलांचे. आणि १९८९ मध्ये सहा जेझुइट धर्मगुरू, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी मारली गेली तीही याच बटालियनच्या हातून. त्यानंतर कुठे, १९९० मध्ये, तुम्ही साडेआठ कोटींतली निम्मी मदत सरळ कापली. १९९२ च्या जानेवारीत तिथे शांतता करार झाला. तो फक्त त्या कपातीमुळे झाला असं मी म्हणत नाही, शीतयुद्धही संपत होतं. पण जे दाखल्यांनी झालं नाही ते कात्रीने निदान सुरू झालं.

माझ्याबरोबर अकरा वर्षं काम केलेली एक बाई मूळची कैरोची. जर्सी सिटीत इजिप्शियन लोकांची मोठी वस्ती आहे, तिथे राहते. तिच्या भावाच्या मुलाला कॉलेजात असताना उचललं, फेसबुकवर काहीतरी लिहिलं म्हणून. खटला नाही. आधी पंधरा पंधरा दिवसांची कोठडी, मग पंचेचाळीस पंचेचाळीस दिवसांची. तिथल्या कायद्यात अशा कोठडीला दोन वर्षांची कमाल मर्यादा आहे. दोन वर्षं भरली. घरच्यांनी गाडी ठरवली, नवे कपडे घेतले. सुटकेच्या दिवशी त्याच्यावर नव्या क्रमांकाचा, जुन्याच आरोपांचा गुन्हा दाखल झाला आणि मोजणी शून्यापासून सुरू. याला तिथे ‘तदवीर’ म्हणतात, फिरवणं. जातं फिरवावं तसं. ती मला एकदा म्हणाली, ‘तुझ्या-माझ्या टॅक्समधून त्यांच्या लष्कराला हेलिकॉप्टर जातं, आणि मी भाच्यासाठी मोजे पाठवते ते परत येतात.’ मला उत्तर सुचलं नाही. २०२४ च्या त्या ‘स्पष्ट प्रगती’त तिचा भाचा मोजलेला नव्हता.

तुम्ही म्हणाल, लेही कायदा आहे की. आहे. व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही यांनी १९९७ मध्ये तो पहिल्यांदा मदतीच्या विधेयकात घातला आणि मला तो फार आवडतो, कारण तो एखाद्या हिशेबनिसाने लिहावा तसा आहे. अख्ख्या देशावर बंदी घाला असं तो म्हणत नाही. ज्या तुकडीने छळ, बलात्कार, बेकायदा हत्या केली किंवा माणसं गायब केली अशी विश्वासार्ह माहिती आहे, त्या तुकडीला मदत नाही. दोषींना शिक्षा करा, पुन्हा मदत सुरू. स्वातच्या खोऱ्यात पाकिस्तानी लष्कराने माणसांना गोळ्या घातल्याचे व्हिडिओ आले, तेव्हा २०१० मध्ये त्यांच्या साधारण सहा तुकड्यांची मदत याच कायद्याखाली थांबली होती, आणि तेही अफगाणिस्तानच्या युद्धात पाकिस्तानची गरज असताना. म्हणजे मनात असलं तर जमतं.

मग इजिप्तपाशी घोडं कुठे अडतं? एक तर तुकडीचं नाव कळल्याशिवाय हा कायदा चालत नाही. प्रशिक्षणाला येणाऱ्या माणसाची छाननी होते, पण रणगाडे आणि सुटे भाग थेट लष्कराला जातात, पुढे ते कोणाच्या हाती पडतात हे कोण बघतं? तुमच्याच लेखातपासणी कार्यालयाने २०१६ मध्ये लिहून ठेवलंय की इजिप्तला साहित्य देताना ते घेणाऱ्यांची छाननी करण्याची पद्धतच परराष्ट्र खात्याने बसवलेली नव्हती. आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१५ मध्ये, पश्चिमेच्या वाळवंटात जेवायला थांबलेल्या पर्यटकांवर इजिप्तच्या लष्कराने हेलिकॉप्टरमधून हल्ला केला. बारा माणसं गेली, त्यात आठ मेक्सिकन. एक अमेरिकन बाई गंभीर जखमी झाली. हेलिकॉप्टर अपाचे, बनावट आपली. दुसरं, बंदी घातलेल्या तुकड्यांची नावं जाहीर करा असं कायदा सांगतो, पण ‘शक्य तितपत’ हे शब्द जोडून. सरकारी कागदात ‘शक्य तितपत’ म्हणजे काय, हे मला अण्णांच्या घरात वाढल्यामुळे सांगावं लागत नाही.

आणखी एक तक्रार, आणि ती एका शब्दाची आहे. निवडून आलेलं सरकार लष्कराने उलथवलं तर त्या देशाची मदत थांबवायची, हेही तुमच्या कायद्यात वर्षानुवर्षं आहे. जुलै २०१३ मध्ये इजिप्तच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोर्सींना हटवलं. ओबामा सरकारने काय केलं? ते बंड होतं की नव्हतं हे ठरवायचंच नाही, असं ठरवलं. शब्द उच्चारला नाही, म्हणून कायदा लागला नाही. सहा आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, कैरोच्या रबा चौकात एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली गेली, ही मोजणी ह्यूमन राइट्स वॉचची. मग ऑक्टोबरात काही विमानं, हेलिकॉप्टरं रोखली, आणि मार्च २०१५ मध्ये तीही सोडली. त्या ऑगस्टमधल्या धरपकडीत न्यूयॉर्कचा एक अमेरिकन नागरिकही सापडला होता. साडेसहा वर्षं तुरुंगात काढून, उपोषण करून जानेवारी २०२० मध्ये तो कोठडीतच मेला. त्या प्रत्येक वर्षी आपली मदत चालू होती.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. सुएझ कालवा, आकाशातून जायची परवानगी, इस्रायलशी शांतता, आणि आपण हात काढला तर रशिया-चीन बसलेतच. यातलं काही खोटं नाही. पण एकदा मदतीतले १३ कोटी अडवले म्हणून इजिप्तने कालवा बंद केला नव्हता. उलट जानेवारी २०२२ मध्ये ते १३ कोटी दुसरीकडे वळवले त्याच आठवड्यात अडीचशे कोटी डॉलरच्या विमानांची आणि रडारची विक्री त्यांना मंजूर झाली. एका हाताने चापट आणि दुसऱ्या हाताने लाडू. शांतता इजिप्तलाही हवी आहे, ती काही आपल्या हप्त्याची मेहेरबानी नाही.

इस्रायलचं काय, असंही कोणी विचारेल. जानेवारी २०२४ मध्ये सिनेटर सँडर्स यांनी, कायद्यातल्याच एका जुन्या कलमाखाली, परराष्ट्र खात्याकडून फक्त अहवाल मागवा असा ठराव आणला होता. पैसे थांबवा म्हटलं नव्हतं, माहिती द्या म्हटलं होतं. सिनेटने तो ७२ विरुद्ध ११ मतांनी बाजूला सारला. आणि मंडपातले आपले लोक खालच्या आवाजात विचारतील, उद्या हेच भारताला लावलं तर? लावलेलंच आहे. अमेरिकेच्या खर्चाने प्रशिक्षणाला येणाऱ्या भारतीय अधिकाऱ्यांचीही याच कायद्याखाली छाननी होते. मला त्यात अपमान वाटत नाही. आपल्या माणसाची छाननी होऊ नये असं वाटणं आणि परक्याची कडक व्हावी असं वाटणं, हे मात्र मला जमत नाही.

१९७१ मध्ये मी बारा वर्षांची होते. ठाण्याला आमच्या खिडक्यांना काळे कागद लावले होते, आणि आत्याला पत्र टाकायचं तर नेहमीच्या तिकिटाशेजारी निर्वासितांच्या मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. ते चिकटवायचं काम माझं. इथे आल्यावर, फार उशिरा, मला कळलं की त्याच वर्षी न्यू जर्सीचे एक प्रतिनिधी, कॉर्नेलियस गॅलाघर, बंगालमधल्या निर्वासितांच्या छावण्या बघून परतले आणि पाकिस्तानची मदत थांबवण्याची दुरुस्ती त्यांनी आणली. प्रतिनिधीगृहाने ऑगस्टमध्ये ती मंजूर केली. ढाक्यातले अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर एप्रिलमध्येच वॉशिंग्टनला निषेधाची तार पाठवली होती. तरी आधीच्या परवान्यांवरचा माल पाकिस्तानच्या जहाजांतून जातच राहिला. जुलैत बाल्टिमोरला काही माणसांनी ‘पद्मा’ नावाच्या जहाजापुढे होड्या आडव्या घातल्या. कायद्याच्या पुस्तकात काही उतरायच्या आत डिसेंबर आला आणि युद्धही संपलं. पळवाट तेव्हाही होतीच, ‘आधीचे परवाने’ या नावाची. (गॅलाघर पुढे करचुकवेगिरीत तुरुंगात गेले. आमच्या राज्याचं नशीबच तसं.) तरीही मी पाच पैशांचं तिकीट चिकटवत होते तेव्हा इथल्या एका माणसाने त्या छावण्यांसाठी मत मागितलं होतं, हे मला मोलाचं वाटतं. मी नागरिकत्वाची शपथ घेतली ती त्या देशाची घेतली असं मी समजते.

जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत सरसकट गोठवली गेली. दवाखाने बंद पडले, औषधं गोदामांत अडकली. त्या पहिल्या आदेशातून जे वगळलं होतं त्यात आणीबाणीचं अन्न होतं, आणि इस्रायल व इजिप्तची लष्करी मदत होती. त्याच वर्षी परराष्ट्र खात्याचे वार्षिक मानवी हक्क अहवाल काटछाट करून निम्म्याहून कमी उरले. दाखला ज्या माहितीवर द्यायचा ती माहितीच आता पातळ झाली आहे. म्हणून घाई.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पुढच्या विनियोजन विधेयकात इजिप्तच्या अटींवरची ‘राष्ट्रीय सुरक्षे’ची सूट काढा. ते जमत नसेल तर निदान बिनसुटीचा भाग साडेनऊ कोटींवरून पुरा ३२ कोटी करा. २०२३ ने दाखवलंय की तेवढंच चावतं.

कैद्यांच्या प्रगतीचा दाखला आकड्यांसह मागा. किती सुटले, त्याच काळात नवे किती पकडले, आणि जुन्यांपैकी किती जणांवर सुटकेच्या दिवशी नवा गुन्हा दाखल झाला. तिसरा आकडा विसरू नका. तो मागितला नाही तर पहिला खोटाच असतो. आणि दाखला जाहीर करा, बंद लिफाफ्यात नको.

लेही कायद्यातलं ‘शक्य तितपत’ खोडा. साहित्याची छाननी प्रशिक्षणाइतकीच सक्तीची करा.

समितीच्या अध्यक्षांचा अडवण्याचा अधिकार रिवाजातून कायद्यात आणा. कोणी, काय, कधी अडवलं आणि कधी, का सोडलं, याची नोंद लोकांना दिसू द्या. हे आधीच असतं तर आमच्या सिनेटरांच्या खिशांतलं गुपित लवकर उघडं पडलं असतं.

एवढंच. मी याआधी एका कार्यालयाला दोन पत्रं लिहिली होती, एक इजिप्तबद्दल आणि एक आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल. दोन्हींना एकाच मजकुराचं, ‘आपल्या मताची आम्हाला कदर आहे’ असं छापील उत्तर आलं. या वेळी उत्तर द्यायचं असेल तर सूट काढायला तुमचं मत आहे की नाही, एवढंच कळवा. माझ्या मैत्रिणीच्या भाच्याची पुढची तारीख पंचेचाळीस दिवसांनी आहे.

कळावे,

आपली,
एक मतदार आणि निवृत्त हिशेबनीस
एडिसन, न्यू जर्सी